पोहोच किमतीच्या आत

खरेदी विभागाच्या ऑर्डरीवर कास्टिंगची, म्हणजे धातू ओतून केलेल्या भागाची, किंमत एकाच आकड्यात लिहिलेली असते आणि त्या आकड्यापुढे 'चाकण पोहोच', म्हणजे चाकणला आणून देण्याच्या खर्चासकट, असे दोन शब्द असतात. या दोन शब्दांनी खरेदीदाराची मोठी सोय होते. माल कोल्हापूरच्या शिरोलीतून निघो किंवा वाळूजमधून, गाडी कोणाची, ती भरून येते की अर्धी, परतताना रिकामी जाते की दुसरा माल घेऊन, गेटबाहेर किती वेळ ताटकळते, यांपैकी कशाचाही विचार त्याला करावा लागत नाही. तीन कोटेशने शेजारी शेजारी मांडायची, सर्वांत लहान आकड्यावर बोट ठेवायचे आणि पुढच्या भागाकडे वळायचे. मी ज्या विभागात काम करतो त्याला आमच्याकडे 'इनबाउंड' म्हणतात. पुरवठादाराच्या दारातून निघालेला माल असेम्ब्ली लाइनच्या कडेला लागेपर्यंतची सगळी उस्तवार आमची. या कामात बरीच वर्षे काढल्यावर माझे मत असे झाले आहे की, कारखान्याला माल स्वस्तात आणायचा असेल तर आधी हा एक आकडा फोडावा लागतो. मार्ग, गोदामे, गाड्यांचे आकार, सॉफ्टवेअर हे सारे त्यानंतरचे.

फोडल्यावर काय दिसते ते एका उदाहरणाने पाहू. आकडे हिशेबाच्या सोयीसाठी गोल धरले आहेत. समजा कोल्हापूरच्या एका फाउंड्रीतून, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यातून, १२ किलो वजनाचे, १,४४० रुपये किमतीचे कास्टिंग येते आणि लाइनला रोज २०० नग लागतात. दहा टनांच्या ट्रकमध्ये ८०० नग बसतात, म्हणजे चार दिवसांची गरज एका खेपेत भागते. कोल्हापूर ते चाकण हे अंतर अडीचशे किलोमीटरांहून थोडे अधिक. भाडे २०,००० रुपये धरले तर नगामागे २५ रुपये पडतात आणि वर्षाच्या ३०० कामकाजी दिवसांचे भाडे १५ लाख होते. आता 'जस्ट इन टाइम'च्या, म्हणजे लागेल तेव्हा लागेल तेवढाच माल आणण्याच्या, उत्साहात कोणी म्हणाले की चार दिवसांचा साठा कशाला, रोज लहान गाडीने २०० नगच आणा, तर लहान गाडीचे भाडे ११,००० रुपये धरून वर्षाला ३३ लाख मोजावे लागतील. या जादा १८ लाखांच्या बदल्यात साठा सरासरी ४०० नगांवरून १०० नगांवर येईल आणि १२ टक्के दराने व्याजाचे जेमतेम ५२,००० रुपये वाचतील. वाचवायला गेलो ५२,००० आणि घालवून बसलो १८ लाख. हा व्यवहार कागदावर मांडला की कोणालाही हसू येते. पण पोहोच किमतीत तो मांडलेलाच नसल्याने कित्येक ठिकाणी वर्षानुवर्षे चालू राहतो. पुरवठादार जादा भाडे किमतीत मिसळतो, कारखाना 'आमच्याकडे साठा नाही' म्हणून समाधान मानतो, आणि दोघांच्याही अहवालांत सगळे आलबेल असते.

भाडे आणि साठा यांच्यातील ही ओढाताण नवी नाही. एका खेपेत किती मागवावे याचे गणिती सूत्र फोर्ड हॅरिस या अमेरिकी अभियंत्याने १९१३ मध्येच मांडले होते आणि अभियांत्रिकीच्या प्रत्येक विद्यार्थ्याने ते परीक्षेपुरते पाठ केलेले असते. कारखान्यात ते सूत्र जसेच्या तसे लागू पडत नाही, कारण तिथे सलग काहीच नसते. ट्रक एक किंवा दोन असतात, सव्वा नसतो. ट्रॉलीत ६० नग बसतात, ५३ नाही. फाउंड्रीत एकदा पॅटर्न, म्हणजे वाळूत साचा उठवायचा नमुना, चढवला की त्याचे काही शे साचे घेतल्याखेरीज तो उतरवणे परवडत नाही. सूत्राने ३१७ हे उत्तर दिले तरी प्रत्यक्षात ३०० किंवा ३६० एवढेच पर्याय असतात. माझ्या समजुतीप्रमाणे आखणीचे खरे कौशल्य हे निरनिराळे गठ्ठे एकमेकांना जुळवण्यात आहे. सूत्राला फार तर शेवटी साक्षीला बोलवावे.

पुन्हा कोल्हापूरकडे. शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल हा सगळा पट्टा ओतकामाचा आहे. तिथून एकाच कारखान्याला माल देणाऱ्या चार फाउंड्र्या असतील, आणि प्रत्येक जण चार दिवसांनी आपापला भरलेला ट्रक पाठवत असेल, तर सरासरी रोज एक ट्रक पुण्याच्या वाटेवर असतोच. मग तोच ट्रक रोज चारही दारांवर फिरवून प्रत्येकाकडून एकेका दिवसाचा माल का उचलू नये? गाड्या तेवढ्याच, किलोमीटर जवळजवळ तेवढेच, आणि साठा मात्र चौथ्या हिश्शावर. यालाच आम्ही मिल्क रन म्हणतो आणि इनबाउंडची कोणतीही सादरीकरणे त्याच्या आकृतीशिवाय पूर्ण होत नाहीत. चार थांब्यांसाठी वाहतूकदार दीड हजार रुपये जादा मागेल, म्हणजे वर्षाला साडेचार लाख. आणि चारही फाउंड्र्यांच्या साठ्यावरचे वाचलेले व्याज होईल दोन लाखांच्या आसपास. सादरीकरणात सहसा न सांगितली जाणारी गोष्ट इथे आहे: केवळ व्याजाच्या हिशेबात लांबचा मिल्क रन तोट्यात जातो. वाचलेल्या जागेचे भाडे मिळवले तरी पारडे फारसे फिरत नाही.

तरीही मी तो मिल्क रन सुरू करण्याच्या बाजूने मत देईन, आणि त्याचे कारण वाहतुकीत नाही. कास्टिंगमधला ब्लो होल, म्हणजे ओतताना वायू अडकून राहिलेली पोकळी, वरून दिसत नाही. मशिनवर चढवून बोअर केला की एखाद्या ठिकाणी काळा ठिपका उघडा पडतो. तो दिसला त्या क्षणी प्रश्न एकच असतो: याच वाळूचे, याच पाळीचे आणखी किती नग आपल्याकडे आले आहेत? साठा एका दिवसाचा असेल तर २०० नग बाजूला काढून फाउंड्रीला फोन जातो आणि संध्याकाळपर्यंत वाळूतील ओलावा किंवा कोअरची, म्हणजे साच्यातल्या पोकळीच्या गाभ्याची, अडचण सापडलेली असते. साठा चार दिवसांचा असेल तर ८०० नग संशयित ठरतात, ते निवडायला माणसे बसवावी लागतात, आणि दरम्यान फाउंड्रीने त्याच दोषाचे आणखी काही शे नग ओतलेले असतात. रोजच्या खेपेचा खरा फायदा म्हणजे दोष लवकर उघडकीला येणे. मिल्क रन हे मुळात गुणवत्तेचे साधन आहे आणि भाड्याची बचत झालीच तर ती वरकड, असे मी मानतो. लॉजिस्टिक्समधले बरेच सहकारी हे मान्य करत नाहीत.

जवळच्या पुरवठादारांचे गणित अगदी वेगळे. भोसरी, तळवडे, चिखली या भागात दहा-वीस मशिनांची असंख्य वर्कशॉपे आहेत. साठच्या दशकात पिंपरी-आकुर्डीला मोठे वाहन कारखाने आले, त्यांच्या आधाराने ही वर्कशॉपे वाढली. पुढे १९९९ पासून बजाज, २००९ मध्ये फोक्सवॅगन, त्यानंतर महिंद्र असे कारखाने चाकणला उभे राहिले, तेव्हा पुरवठादारांपैकी काही जण मागोमाग गेले आणि बरेचसे जागच्या जागी राहिले. त्यामुळे नाशिक रस्त्यावर सकाळच्या वेळी लहान टेम्पोंची रीघ लागते, आणि अनेक टेम्पोंत निम्म्याहून अधिक जागा रिकामी असते. पाच पुरवठादार दिवसातून दोनदा आपापला छोटा हत्ती पाठवत असतील तर गेटवर दहा नोंदी, दहा चलाने, दहा वेळा डॉक, म्हणजे माल उतरवायचा धक्का, मोकळा करणे आणि फोर्कलिफ्टच्या दहा फेऱ्या. त्याऐवजी सतरा फुटी एकच गाडी सकाळी एक आणि दुपारी एक असा फेरा मारू लागली की भाडे तर उतरतेच, शिवाय गेटवरची दगदग एवढी कमी होते की सुरक्षारक्षकही दुवा देतो.

असा फेरा जवळून पाहिल्याशिवाय त्यातली मेख कळत नाही. गाडी पहिल्या वर्कशॉपशी ठरल्या वेळी उभी राहते, तेव्हा माल लेबल लावून दाराशी तयार हवा. कारण थांब्यासाठी दिलेल्या वीस मिनिटांत आधी रिकाम्या ट्रॉल्या उतरवायच्या, मग भरलेल्या चढवायच्या, चलानावरचा आणि ट्रॉलीवरच्या चिठ्ठीवरचा आकडा ताडून पाहायचा आणि मागचे दार लावायचे असते. तिसऱ्या थांब्यावरच्या पुरवठादाराकडे तपासणी अहवालावर सही करणारा माणूस जागेवर नसेल तर चौथा आणि पाचवा यांची काही चूक नसताना त्यांचा मालही उशिरा पोहोचतो. म्हणून मिल्क रनच्या आखणीत थांब्यांचा क्रम नकाशावरच्या अंतराने ठरवणे हे नवशिक्याचे काम. बेभरवशाचा पुरवठादार शेवटी ठेवायचा, म्हणजे त्याचा उशीर त्याच्यापुरताच राहतो. आणि ज्याचा माल डॉकवर सर्वांत आधी लागणार त्याचा माल शेवटी चढवायचा, म्हणजे तो दाराशी राहतो. या दोन नियमांचे अनेकदा एकमेकांशी पटत नाही. तिथे कोणता संगणकी कार्यक्रम काय सुचवतो यापेक्षा तो रस्ता रोज तुडवणाऱ्या चालकाला विचारावे हे बरे.

आता गाडीच्या पोटात डोकावू. कास्टिंगचा ट्रक वजनाने भरतो. मजला पॅलेटांनी व्यापला की क्षमता संपते आणि वर चार-पाच फुटांची पोकळी तशीच प्रवास करते. उलट प्लास्टिकच्या इंधन टाक्या, बंपर, डॅशबोर्ड यांचा बत्तीस फुटी कंटेनर छतापर्यंत भरला तरी वजन क्षमतेच्या पावभरही होत नाही. म्हणजे एका गाडीत वरची हवा वाहून आणायची आणि दुसरीत भागांच्या आतली. २०१८ च्या जुलैमध्ये केंद्र सरकारने ट्रकच्या आसांवरची अनुज्ञेय वजनमर्यादा वाढवली, तेव्हा कास्टिंगवाल्यांचे नगामागचे भाडे उतरायला हवे होते. बंपरवाल्यांना त्या निर्णयाचा काडीचाही उपयोग नव्हता. पोहोच किमतीत भाडे दडलेले असेल तर कास्टिंगच्या किमतीतून ती बचत मागून घेण्याचा मुद्दाही खरेदीदाराच्या लक्षात येत नाही. आणि बंपरच्या बाबतीत बचत रस्त्यावर सापडत नाही, ती पॅकिंगच्या आराखड्यात असते. आठ फूट रुंद म्हणवला जाणारा कंटेनर आतून मोजला की बाजूंच्या पत्र्यामुळे काही इंच कमी भरतो; त्यात १,२०० बाय १,००० मिलिमीटरचे दोन पॅलेट १,२०० ची बाजू आडवी ठेवून शेजारी बसत नाहीत, मात्र एकाची १,२०० आणि दुसऱ्याची १,००० अशी जोडी बसते. एक ओळ उभी आणि एक आडवी लावली की १६ च्या जागी १७ पॅलेट जातात. पॅलेटची उंची अशी ठरवायची की दोन थर चढवल्यावर छताशी जेमतेम हाताचा पंजा जाईल एवढीच जागा उरावी. एखाद्या रॅकची उंची दोन बोटांनी जास्त असल्यामुळे दुसरा थर चढत नाही आणि अर्धा कंटेनर रिकामा धावतो, असे प्रकार मी पाहिले आहेत. ते रॅक कोणी तरी डिझाइन केलेले असतात, मंजूर केलेले असतात, त्यांच्यावर रंगही छान असतो.

रिकाम्या ट्रॉल्यांचा विषय कोणालाच आवडत नाही. पुन्हा पुन्हा वापरायच्या बिन आणि ट्रॉल्या खोक्यांपेक्षा स्वस्त पडतात, पण त्या परत पाठवाव्या लागतात, आणि परतीचा प्रवास आखलेला नसेल तर त्या कारखान्याच्या आवारात साचतात आणि पुरवठादाराकडे तुटवडा होतो. मग तो माल जुन्या खोक्यांत भरून पाठवतो, खोकी ओली होतात, भाग गंजतात. घडी घालता येणारे बिन घेतले तर परतीच्या गाडीत तिपटीने मावतात. मात्र त्यांच्या बिजागऱ्या हातोडी घालून उघडणारे लोकही आपल्याकडे आहेत. जवळच्या फेऱ्यात एक भरलेली ट्रॉली घेताना एक रिकामी द्यायची असा साधा नेम पाळला तर हा प्रश्न उरत नाही. लांबच्या पुरवठादारांसाठी, म्हणजे चेन्नई किंवा हरियाणातल्या मानेसरहून येणाऱ्या मालासाठी, परतीची खेप दुसऱ्या कोणाच्या तरी मालाशी जोडावी लागते, आणि तिथे एकट्या कारखान्याचे काही चालत नाही. वाहतूकदाराकडे दोन्ही दिशांचे गिऱ्हाईक असणे हाच तिथला उपाय.

आपल्याकडच्या पुरवठ्याच्या जाळ्यांवर रस्त्यांइतकाच करांनीही ठसा उमटवला आहे, हे नव्या पिढीच्या आखणीकारांना खरे वाटत नाही. महापालिकांच्या हद्दीवर जकात नाके होते. पुणे आणि पिंपरी-चिंचवडची जकात २०१३ मध्ये जाऊन स्थानिक संस्था कर आला, मुंबईतली तर थेट १ जुलै २०१७ ला वस्तू आणि सेवा कर लागू होईपर्यंत टिकली. नाक्यावर गाडी किती तास उभी राहील याचा नेम नसल्यामुळे साठा वाढवून ठेवावा लागे, आणि तो वाढवलेला साठा कोणत्याही करपत्रकात दिसत नसे. त्याहून खोल परिणाम केंद्रीय विक्रीकराचा होता. राज्याबाहेरून माल आणला तर २ टक्के कर लागे आणि त्याची वजावट मिळत नसे. आपल्या उदाहरणातील १,४४० रुपयांच्या कास्टिंगवर हा कर जवळजवळ २९ रुपये होतो, म्हणजे कोल्हापूरहून चाकणपर्यंतच्या सगळ्या भाड्यापेक्षा जास्त. बेळगावच्या उद्यमबागेत उत्तम फाउंड्र्या आहेत. कोल्हापूरपासून शे-सव्वाशे किलोमीटर पुढे. त्या जादा अंतराचे भाडे नगामागे दहा-बारा रुपये होईल, पण मधल्या राज्यसीमेचे २९ रुपये मोजायला कोणता खरेदीदार तयार होणार? सन २०१७ नंतर ती रेघ हिशेबातून पुसली गेली आणि बेळगाव केवळ अंतराच्या भाषेत बोलू लागले. ज्यांनी त्या वेळी आपल्या पुरवठादारांच्या यादीची फेरतपासणी केली त्यांना फायदा झाला. ज्यांच्याकडे फक्त पोहोच किंमत होती त्यांना काय बदलले हेच कळले नाही.

इनबाउंडचा विषय निघाला की लोक टोयोटाची उदाहरणे देतात. मला मात्र साखर कारखाना आठवतो. महाराष्ट्रातला ग्रामीण माणूस ज्या एका औद्योगिक पुरवठा-जाळ्याला आतून ओळखतो ते हे. आल्फ्रेड वेबर या जर्मन अर्थशास्त्रज्ञाने १९०९ मध्ये असे मांडले की प्रक्रियेत ज्या कच्च्या मालाचे वजन फार घटते तो माल कारखान्याला आपल्याकडे खेचतो. शंभर टन उसातून दहा-अकरा टन साखर निघते, तेव्हा ऊस शहराकडे नेण्यात काही अर्थ नाही; कारखानाच शिवारात जातो. शिवाय तोडलेला ऊस थांबत नाही. दिवसभरात गाळला गेला नाही तर वजन घटते, उतारा घसरतो. म्हणून लागणीच्या नोंदी, त्यावरून तोडणीचा कार्यक्रम, मुकादमाच्या टोळ्या, जवळच्या उसाला बैलगाडी, मधल्या पल्ल्याला ट्रॅक्टर-ट्रॉली आणि लांबच्याला ट्रक, अशी अंतरानुसार वाहनांची वाटणी त्या क्षेत्राने कोणत्याही सल्लागाराशिवाय बसवली. गव्हाणीत मोळी पडण्याचा वेग आणि फडातली तोडणी यांचा मेळ घालणे ही कोणत्याही असेम्ब्ली लाइनइतकीच कसोटीची गोष्ट आहे.

आणि पोहोच किमतीचा प्रश्न तिथे उलट्या बाजूने दिसतो. तोडणी आणि वाहतुकीचा खर्च शेतकऱ्याला मिळणाऱ्या एफआरपीतून, म्हणजे उसाच्या सरकारने ठरवलेल्या किमान दरातून, वजा होतो, आणि तो परंपरेने सर्व सभासदांवर सरासरीने पडत आला. कारखान्याच्या कुंपणाला लागून ज्याचे शेत आहे तोही साठ किलोमीटरांवरच्या उसाच्या गाडीभाड्यात वाटा उचलतो. कारखान्याने दूरचा ऊस आणून गाळप वाढवले की जवळच्याचा पदरचा खर्च वाढतो. अंतरानुसार टप्पे पाडावेत ही मागणी त्यातूनच पुढे आली. वाहनतळावर गाडी नंबर लागायची वाट पाहत उभी राहिली तर सुकणाऱ्या उसाचे वजन शेतकऱ्याचे जाते. काट्यावर पोहोचेपर्यंतचा प्रत्येक तास त्याच्या खात्यातून वजा होतो आणि कारखान्याच्या खर्चपत्रकात त्याची ओळ नसते.

चाकणच्या कोणत्याही मोठ्या गेटबाहेर उभ्या असलेल्या गाड्या पाहिल्या की हीच गोष्ट वेगळ्या वेशात दिसते. सहा तास ताटकळलेल्या चालकाला हॉल्टिंग, म्हणजे खोळंब्याचे पैसे, मिळाले तर मिळाले. बहुतेक वेळा वाहतूकदार ते पुढच्या भाड्यात मिसळतो, पुरवठादार ते पुढच्या दरवाढीत मिसळतो. याचा अधिक शिष्टसंमत प्रकार म्हणजे पुरवठादाराने कारखान्याजवळ भाड्याचे गोदाम घ्यायचे, त्यात आठवड्याचा माल स्वतःच्या खर्चाने ठेवायचा आणि लाइनने मागितला की तासाभरात द्यायचा. कारखान्याच्या ताळेबंदातून साठा नाहीसा होतो आणि त्याबद्दल कोणाला तरी बढती मिळते. पण साठा तर तिथेच आहे, चाकणच्याच एका पत्र्याच्या शेडमध्ये. बदलला आहे तो त्यावर व्याज भरणारा माणूस. मोठ्या कंपनीला बँक समजा ९ टक्क्यांनी पैसे देते आणि भोसरीच्या वर्कशॉपला १३ टक्क्यांनी, तर तोच साठा आता चार टक्के महाग झाला. सूक्ष्म आणि लघु उद्योगांची देणी ४५ दिवसांच्या आत भागवली नाहीत तर आयकरात त्या वर्षी वजावट मिळत नाही, ही तरतूद १ एप्रिल २०२४ पासून लागू झाली. या तरतुदीवर उद्योगजगतात बरीच कुरकुर झाली. इनबाउंडच्या दृष्टीने पाहिले तर त्या कायद्याने महाग भांडवलाच्या माणसाकडे ढकललेले ओझे थोडे स्वस्त भांडवलाच्या माणसाकडे परत सरकवले, एवढेच. सगळ्या साखळीचा खर्च त्याने उतरायलाच हवा.

अतिस्वस्त जाळ्याचा दुसरा धोका सर्वांना ठाऊक आहे, म्हणून त्यावर थोडक्यात. १ फेब्रुवारी १९९७ रोजी जपानमध्ये कारिया इथल्या आयसिन सेइकीच्या कारखान्याला आग लागली. टोयोटाच्या ब्रेकमधला एक लहानसा व्हॉल्व्ह जवळजवळ सगळाच्या सगळा तिथून येत असे आणि टोयोटाकडे साठा काही तासांचाच होता. जपानमधले टोयोटाचे बहुतेक सगळे कारखाने थांबले. शिलाई मशिने बनवणाऱ्या ब्रदर कंपनीसह अनेकांनी आपापल्या यंत्रांवर तो व्हॉल्व्ह बनवून दिला, म्हणून आठवडाभरात चाके पुन्हा फिरली. पुढे २०११ च्या भूकंपानंतर टोयोटाने चिपसारख्या नाजूक भागांचा काही महिन्यांचा साठा पुरवठादारांकडे राखायला लावला. जस्ट इन टाइमच्या माहेरीसुद्धा सगळ्याच भागांना एक नियम लावत नाहीत, हे आपल्याकडच्या उत्साही मंडळींनी ध्यानात घ्यावे. आपल्याकडे २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचे पाणी शिरोलीजवळ महामार्गावर आले आणि पुणे-बंगळूर वाहतूक अनेक दिवस बंद राहिली. २०२१ च्या जुलैमध्ये पुन्हा तेच. आपल्या उदाहरणातल्या चारही फाउंड्र्या याच महामार्गावर अवलंबून आहेत. चार पुरवठादार आहेत म्हणून आपण निर्धास्त, हे समाधान त्या दिवसांत फोल ठरले, कारण चौघांचा रस्ता एकच होता.

यावर माझे उत्तर सरसकट साठा वाढवण्याचे नाही. साठा कुठल्या अवस्थेत ठेवायचा, हा खरा प्रश्न आहे. एकाच कच्च्या कास्टिंगमधून मशिनिंगनंतर पाच प्रकार होत असतील, तर तयार पाच प्रकारांचा आठवडाभराचा साठा ठेवण्यापेक्षा कच्च्या कास्टिंगचा साठा घाटाच्या अलीकडे, पुण्याच्या बाजूच्या मशिनिंगवाल्याकडे ठेवावा. कच्चा नग स्वस्त असतो, तो पाचांपैकी कोणत्याही प्रकाराच्या कामाला येतो, आणि पावसाळ्यापुरता, म्हणजे जुलै ते सप्टेंबर, वाढवून ऑक्टोबरात उतरवता येतो. मोसमाप्रमाणे साठ्याची पातळी बदलण्याची सोय सॉफ्टवेअरमध्ये असते, पण ती वापरलेली मी क्वचित पाहिली आहे. वर्षभर एकच आकडा ठेवण्यात सगळ्यांना शिस्त वाटते.

अलीकडे आम्ही काही पुरवठादारांकडून किंमत फोडून मागायला सुरुवात केली आहे: कारखान्याच्या दारातला दर, पॅकिंग, भाडे आणि साठ्याचे दिवस, असे चार रकाने. बहुतेकांनी भाड्याच्या रकान्यात जुनाच अंदाज भरून दिला. कोल्हापूरकडच्या एका फाउंड्रीमालकांनी मात्र तो रकाना निम्माच भरला, आणि विचारल्यावर सांगितले की, त्यांची गाडी दुसऱ्या गिऱ्हाइकाचा माल घेऊन आठवड्यातून तीनदा रांजणगावला जातेच, निम्मी रिकामी असते, आणि तेवढा वळसा घालून आमचा माल टाकणे त्यांना जड नाही. इतकी वर्षे हे का सांगितले नाही, असे आमच्या खरेदीवाल्यांनी विचारले तेव्हा ते म्हणाले, "साहेब, तुम्ही पोहोच किंमत विचारत होता, ती मी देत होतो." आता वाचलेल्या भाड्याची वाटणी कशी करायची यावर वाद आहे. ते निम्मे-निम्मे म्हणतात, आमचा खरेदी विभाग सगळेच मागतो आहे, आणि पुढच्या तिमाहीच्या दरबैठकीत मी फाउंड्रीवाल्यांच्या बाजूने बोलणार आहे.